चादरीखालची आंघोळ

दार उघडलं तसा थोरलीच्या नाकात वास शिरला. वरवर फिनेलचा, पावडरीचा, आणि खाली काहीतरी कुजल्याचा.

"काय मेलंय या घरात?" पिशवी टाकत तिने विचारलं.

"शुभ बोल नाऱ्या!" आत्या फिसकारली. "आजारी माणसाचं घर आहे. वास यायचाच."

आजारी माणूस म्हणजे थोरलीचे वडील. गल्लीत त्यांना शिंपीमास्तर म्हणायचे. अर्धांगाचा झटका येऊन ते आडवे झाले, आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे ही आत्या, मुक्कामाला येऊन घर चालवू लागली. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आल्या आल्या तिने फर्मान काढलं: मास्तरांच्या अंगावरची चादर काढायची नाही. हात आत घालायचा, तोंड फिरवायचं आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. सुनेने तर त्या वेळी खोलीत पाऊलही टाकायचं नाही. थोरलीचा धाकटा भाऊ बिचारा रोज समोरच्या भिंतीकडे बघत बापाला आंघोळ घालायचा. थोरलीने फोन केला की म्हणायचा, "सगळं व्यवस्थित आहे, ताई." भिंत व्यवस्थित होती, हे खरंच.

थोरली तडक खोलीत गेली. पडदे ओढलेले. मास्तर गळ्यापर्यंत पांघरलेले, आणि चालत्या हाताने चादरीची कड गच्च धरलेली. कपाळ चटका बसेल इतकं तापलं होतं.

"बाबा, कुठे दुखतंय?"

"कुठे नाही," ते जड जिभेने म्हणाले आणि कड आणखी आवळली.

तिने चादरीला हात घातला मात्र, आत्या दारातून कडाडली, "अगं ए! लाज कोळून प्यायलीस का? बाप असला तरी पुरुष आहे तो, आणि तू बाईमाणूस!"

थोरली गर्रकन वळली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "काय म्हणालीस? आजारी बापाचं अंग लेकीने बघितलं, तर तुझ्या डोक्यात हे येतं? मग डोकं धू आधी! उघडं अंग म्हटलं की एकच गोष्ट सुचते तुम्हाला, दुसरं काही सुचतच नाही!"

"ताई, हळू," धाकटा पुटपुटला. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत! शेजाऱ्यांना वास नाही का येत?"

मग ती बापाजवळ बसली. "बाबा, अख्ख्या गल्लीतल्या बायकांची मापं घेतलीत तुम्ही. छाती, कंबर, सगळं खणखणीत आवाजात सांगायचात आणि मी लिहून घ्यायचे. या आत्याचे ब्लाउजसुद्धा तुम्हीच शिवलेत. तेव्हा कुणाची अब्रू गेली?"

"त्यांच्या अंगावर... कपडे होते गं," मास्तर म्हणाले.

एवढ्या संतापातही तिला फिस्सकन हसू आलं. मास्तरही अर्ध्या तोंडाने हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. त्यांनी कड सोडली.

तिने चादर काढली, त्यांना कुशीवर वळवलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या पडलेल्या, आत पू, आणि पुवात पांढरं हाड.

धाकट्याने बापाची पाठ पहिल्यांदाच बघितली. तो स्वतःच्या हाताकडे बघू लागला. "मी रोज पुसत होतो, ताई. ओलं लागायचं हाताला. मला वाटलं, पाणीच आहे."

त्याच्या कानशिलात द्यावी असं तिला वाटलं. पण तिने पडदे उघडले आणि गरम पाणी मागितलं. भावजय बादली घेऊन थेट खोलीत आली. आत्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. दोघींनी मिळून मास्तरांना डोक्यापासून पायापर्यंत स्वच्छ धुतलं. मास्तर डोळे मिटून पडून राहिले. "बरं वाटतंय," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात नेलं, पण विष रक्तात भिनलं होतं. मास्तर परत आले ते चौघांच्या खांद्यावरून.

अंगणात त्यांना फळीवर ठेवलं. गल्लीतले पुरुष जमले, कुणी पाणी आणलं, कुणी साबण. चादर केव्हाच बाजूला गेली होती. भरदिवसा, सगळ्यांदेखत, मास्तर उघडे होते, आणि कुणाची नजर भिंतीकडे वळली नाही. जवळचे, लांबचे, नावही माहीत नसलेले हात त्यांना चोळत होते. आत्या पायरीवर उभी राहून सूचना देत होती.

"नीट धुवा रे! वळवा त्याला. पाठ राहिली बघा, पाठ!"

थोरली गर्दीतून पुढे आली. "बायकांनी आत बसायचं असतं," कुणीतरी म्हणालं. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूलाच झाला.

"पाठ तेव्हाच राहिली होती, आत्या," ती म्हणाली.

आत्याने पदराचा बोळा तोंडात कोंबला. थोरलीने भावाच्या हातातून तांब्या घेतला आणि बापाची पाठ धुवायला बसली.