डावी पोटरी

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. खाली थोरली, वर धाकटी, मध्ये अकरा पायऱ्यांचा जिना. तीन वर्षं दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. कारण विचाराल तर एका वाक्याचं. थोरली एका मालीश केंद्रात कामाला होती. गरोदर बायकांचं मालीश हे तिचं खास काम, त्यासाठी वर्षभर शिकून परीक्षा दिलेली. धाकटी घरात नवी होती तेव्हा जेवायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, मोठ्या जाऊबाई काय करतात? तर ही हसत हसत म्हणाली, "लोकांचे पाय चेपतात." पाहुणे हसले, सासूबाई हसल्या, आणि थोरलीचा नवरा ताटात बघून जेवत राहिला. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरायची होती.

पण गरज पडली की भल्याभल्यांना जिना दिसतो. धाकटीला सातवा महिना लागला. नवरा जहाजावर, तो यायला अजून चार महिने. कंबर अशी धरली की कूस बदलताना रडू यायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलकं मालीश करून घ्या, बरं वाटेल, पण शिकलेल्या हातानं. शिकलेला हात तर घरातच होता. तो मागायला धाकटी येते कसली! धाकटीकडंच राहणाऱ्या सासूबाई उतरून आल्या, आणि त्याही काही विनवायला नव्हे, हुकूम सोडायला.

थोरली गेली. माया आली म्हणून? छे! आपला हात काय चीज आहे ते हिला एकदा कळू दे, एवढ्याचसाठी गेली. पहिल्या दिवशी तिनं केंद्रात विचारते ते सगळं विचारलं. अंगावरून रक्त गेलं का, ताप आहे का, डोकं दुखतं का, तोंड-हात सुजलेत का. मग धाकटीचे दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून शिंप्याची टेप काढली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. रोज तेलात बोट घालायच्या आधी पोटऱ्या मोजायच्या, हा तिचा स्वतःचा नेम. केंद्रातल्या बाकीच्या बायका त्याला हसायच्या. धाकटीही हसली. सासूबाईंना म्हणाली, "विचारा त्यांना, मालीश करणार आहेत की माझा झगा शिवणार आहेत?"

थोरलीनं टेप बाजूला ठेवली. तिला कुशीवर वळवलं, दोन गुडघ्यांत उशी दिली, पाठीला लोड लावला आणि कंबरेपासून सुरुवात केली. पोटाला हात नाही, कुठं जोर नाही, पाय हलक्या हातानं घोट्याकडून वर. सासूबाई बाजूला बसून नाक मुरडत होत्या. असं कुरवाळून काय होतं, आमच्या वेळी पाठीवर उभं राहून तुडवायचे, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या वेळी त्यातल्या किती उठल्याच नाहीत ते कुणी मोजलं नाही, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. ती ते गिळून कंबर चोळत राहिली.

आठ दिवसांत धाकटी मालीश चालू असतानाच घोरायला लागली. चेहऱ्यावरची ओढ गेली, चालणं सुधारलं, जेवण अंगी लागायला लागलं. पण चांगलं म्हणेल तर शपथ! सुंभ जळला तरी पीळ काही जात नव्हता. तेल थंड आहे, हात खरखरीत आहेत, असल्या तक्रारी ती सासूबाईंकडं करायची आणि थोरली समोर असून त्या सासूबाईंच्या तोंडून ऐकायची. संध्याकाळचा तो अर्धा तास तिघी एका खोलीत असायच्या आणि एकमेकींना पाण्यात पाहायच्या.

तिसऱ्या आठवड्यात धाकटीला सर्दीखोकला झाला आणि ती चार दिवस अंथरुणाला खिळली, तरी थोरली रोज वर जात होती. पाचव्या दिवशी थोरली वर गेली तर धाकटी डावी पोटरी धरून बसलेली. सकाळपासून ठणकतेय, आज बाकी काही नको, इथंच जोर लावून चोळायला सांगा, असं तिनं सासूबाईंना सांगितलं. थोरलीनं टेप लावली. उजवी कालच्याइतकीच, डावी तीन सेंटीमीटरनं जास्त. पुन्हा लावली, तेच. कातडी लालसर दिसत होती. हाताची पालथी बाजू टेकवली तर ऊन लागली.

थोरलीनं टेप गुंडाळली आणि मालीश करणार नाही म्हणून सांगितलं. दोन्ही पाय सुजतात ते गरोदरपणात चालतं. एकच सुजला, तापला, दुखायला लागला तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं आणि ती सुटली तर थेट छातीत जाते आणि बाई बसल्या जागी जाते. आत्ता, या घटकेला दवाखान्यात चला. हे तिनं शांतपणे सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला.

ऐकतं कोण? गेल्या आठवड्यातच धाकटीनं दवाखान्यात पायातल्या पेटक्यांचं सांगितलं होतं आणि गरोदरपणात पेटके येतातच म्हणून त्यांनी घरी पाठवलं होतं. सासूबाईंना तेवढा दाखला पुरला. धाकटी तर तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ थोरलीकडं बघून बोलली.

"तीन आठवडे केलंत, ते आता जिवावर आलंय. नाही म्हणायचंय तर नाही म्हणा. माझ्या मरणाची भीती कशाला घालता?"

सासूबाईंनी पदर खोचला आणि तेलाची वाटी पुढं ओढली. कुणाच्या पाया पडायला नको, आपले हात काही झडले नाहीत, म्हणत त्यांनी दोन्ही तळव्यांना तेल चोळलं. धाकटीनं पाय लांब केला. थोरलीनं सासूबाईंचं मनगट धरलं, त्यांनी ते झटकलं. त्या म्हातारीच्या हातात अजून कपडे पिळायचं बळ होतं, आणि ते सगळं आता त्या पोटरीवर पडणार होतं. धाकटी थोरलीला आवडत नव्हती, मुळीच नव्हती, पण ती मेलेली तिला नको होती.

"काल मी मुद्दाम दाबलं," थोरली म्हणाली.

सासूबाईंचे हात हवेत राहिले.

"सूड म्हणून. अंगठा रुतवून दाबलं. आत काहीतरी तुटलं असणार. आता वरून चोळलंत तर आणखी फाटेल."

चार दिवसांच्या आजारपणात थोरलीनं पाय रोज नुसते मोजले होते, चोळले नव्हते, फक्त खांदे आणि पाठ हलकी केली होती. पण तेवढा हिशोब करायला भान कुणाला होतं? तीनदा सांगितलेलं खरं कुणाला पटलं नाही, आणि खोटं मात्र एका दमात पटलं. तीन वर्षं हेच ऐकायला दोघी टपल्या होत्या ना! सासूबाईंनी कैदाशीण म्हटलं, तेलकट हातानं एक ठेवून दिली आणि खाली जाऊन रिक्षा आणली. धाकटीला दोन शेजाऱ्यांनी खुर्चीवर बसवून उतरवलं. हिनं माझ्या सुनेचा पाय मोडला, असं सासूबाई रिक्षात बसेपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगत होत्या. थोरली गालावरचं तेल पुसत जिन्यात उभी होती.

गुठळीच निघाली, मांडीपर्यंत गेलेली. सहा दिवस धाकटी दवाखान्यात होती. रोज इंजेक्शनं सुरू झाली, पायात घट्ट मोजा आला, आणि बाळ सुखरूप आहे म्हणून तिला घरी पाठवलं. तोवर सासूबाई गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनी मालीश केंद्रात जाऊन मालकीणबाईंना सगळं सांगितलं, शिवाय थोरलीला जिना चढायची बंदी केली. मालकीणबाईंनी थोरलीला बोलावून एकच विचारलं, तू हे स्वतःच्या तोंडानं बोललीस का? बोलले, पण का बोलले ते ऐका, असं म्हणून थोरलीनं सगळी हकीकत सांगितली. मालकीणबाई म्हणाल्या, पटतंय मला, पण गरोदर बाई माझ्या दारात येते ती विश्वासावर. तुझ्या जावेनं एक फोन करून सांगू दे, मग बघू. तोवर टॉवेलांच्या घड्या घाल. पंधरा वर्षं जिचा हात मागून बायका रांगेत बसायच्या, ती मागच्या खोलीत टॉवेल मोजायला लागली.

एका सकाळी सासूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. थोरली अकरा पायऱ्या चढून वर गेली. धाकटी पलंगावर पाय लांब करून बसली होती. थोरलीनं फोनचं सांगितलं. एक फोन, दोन वाक्यं, बास.

धाकटीनं आधी जिन्याकडं कान दिला. मग म्हणाली, "मला माहीत आहे तुम्ही खोटं बोललात. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, दाबल्यानं असं होत नाही म्हणून. उलट कुणी चोळलं नाही म्हणून वाचलात, म्हणाले."

"आई होत्या तेव्हा?"

"त्या औषधं आणायला गेल्या होत्या."

"मग अजून का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं तर त्यांना कळेल की त्या स्वतःच्या हातानं मला मारणार होत्या. मोडून पडतील त्या." धाकटीनं पोटावर हात ठेवला. "हे यायचंय, नवरा घरात नाही. मला त्या हव्यात. तुमच्यावाचून माझं अडत नाही."

थोरलीला एवढा राग आला की कानशिलं तापली. हिचा जीव वाचवला तो आपण, आणि हिनं मोजूनमापून आपल्याला विकलं! खाली जाऊन म्हातारीला सगळं ओरडून सांगावं असं वाटलं. पण सांगून उपयोग काय? म्हातारी तिच्यावर विश्वास ठेवणार नव्हती. जिच्यावर ठेवला असता ती इथं पलंगावर बसली होती आणि ती तोंड उघडणार नव्हती.

"रागावलात?" धाकटीनं विचारलं.

"हो. जन्मभर रागावणार आहे." थोरली वळली, दारापर्यंत गेली आणि थांबली. "तो मोजा घोट्याशी गोळा झालाय. तसा ठेवलास तर पाय आवळेल. वर ओढून घे."

धाकटी वाकली, पण पोट आड येत होतं. बोटं घोट्यापर्यंत पोचेनात. दोनदा प्रयत्न करून ती दमली आणि थोरलीकडं बघायला लागली.

"मला बंदी आहे," थोरली म्हणाली. "हाक मार तुझ्या आईंना."

धाकटीनं हाक मारली. जिन्यावर सासूबाईंची पावलं वाजली. त्या थोरलीला शिव्या घालतच आत आल्या, आणि मोजा नीट गुडघ्याखाली बसेपर्यंत थोरली दारात उभी राहून त्या शिव्या ऐकत राहिली.