परवा आणि परसों

श्रीधरदादा म्हटलं की आधी आठवतो तो शिसपेन्सिलीचा आवाज. हिवाळ्यातलं कोवळं ऊन काचेतून त्यांच्या टेबलावर तिरपं उतरलेलं असे, आणि त्या उन्हात एका पिवळ्या कागदावर त्यांची पेन्सिल थांबत थांबत चाले. एक टिचकी, मग दीर्घ शांतता, मग पुन्हा एक टिचकी. अख्ख्या मजल्यावर कीबोर्डांचा कडकडाट चाललेला असताना हा एकच माणूस कागद पुढ्यात घेऊन बसलेला. पुण्याहून हैदराबादला नव्यानं आलेल्या मला त्याचं हसूच आलं होतं.

आमचं काम कंपायलरचं. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारा हा दुभाष्या. त्याच्या दारी पाच संगणकभाषा येत, आणि एकीच्या सोयीसाठी काही बदललं तर दुसरीचा अर्थ बिघडू शकत असे. म्हणून कुठलाही बदल मूळ कामात मिसळण्याआधी पाचही भाषांत तपासायचा, हा नियम. चार भाषांची तपासणी आपोआप होई. पाचवी जुनी, मोजक्याच लोकांची. तिची तपासणी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या मशीनवर हातानं लावावी लागे आणि तिला सबंध दुपार जाई. ते काम दादांचं. "वापरणारे थोडे म्हणून अर्थ थोडा होतो काय गं?" असं ते म्हणत. सगळं नीट निघालं की मान किंचित कलती करून एकच शब्द उच्चारत, "हौ." त्या 'हौ'वर मी माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवत असे.

ते मलकपेठचे, पिढ्यान् पिढ्या हैदराबादचे. त्यांच्या मराठीत दखनी इतकी मुरलेली की वेगळी काढता येऊ नये. पहिल्याच महिन्यात ते मला पुस्तकांची दुकानं दाखवायला सुलतान बाजारात घेऊन गेले, आणि एका बंद कापडदुकानासमोर थांबून म्हणाले, "परसोंच तर आईला इथून लुगडं घेतलो होतो मी." त्यांच्या आईला जाऊन वीस वर्षं झाली होती, हे मला ठाऊक होतं. माझा चेहरा पाहून ते खळखळून हसले. "अगं, इथं परसों म्हंजे कधीबी. काल, गेल्या साली, निजामाच्या वेळेला." मग एकदम गंभीर झाले. "पण कामात ते नक्को. कामात आपण मराठीच बोलू. परवा म्हंजे परवा." आमचा हा करार होता, आणि तो त्यांनीच केलेला होता.

माझा बदल भागाकाराचा होता. तो वेगानं व्हावा म्हणून मी चार महिने खपले होते. मेख ऋण संख्यांत होती: उणे सातला दोननं भागून पूर्णांकातच उत्तर काढायचं तर काही भाषा उणे तीन देतात, काही उणे चार, आणि आपापल्या घरी दोन्ही उत्तरं खरी. आमच्या चार भाषा उणे तीनवाल्या होत्या, पाचवी एकटी उणे चारवाली. ते माझ्या ध्यानातून निसटलं. निसटलेलं सापडावं म्हणूनच तर तपासणी असते. बदल पुरा होऊन आठवडा झाला होता. मिसळण्याआधी मी दादांना विचारलं, "पाचवी झाली?" कागदावरची नजर न उचलता ते म्हणाले, "परवाच बघितलो ना मी. हौ, मिसळ." मी मिसळलं.

पाचवी भाषा वापरणाऱ्यांची उत्तरं एकेक करून चुकू लागली. काही कोसळलं नाही, काही थांबलं नाही, नुसतं निमूटपणे चुकत राहिलं. म्हाताऱ्या मशीनवरची शेवटची नोंद दोन महिन्यांपूर्वीची निघाली. बैठकीत साहेबांनी जाब विचारला तेव्हा मी सरळ सांगितलं, की दादा मला परवाच तपासलंय म्हणाले होते. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी मान तशीच, नेहमीसारखी कलती केली. "मैं तो परसों बोला था साब. परसों बोले तो कब्बी बी होता. मॅडम पुनेवाले हैं ना, समझे नहीं."

खोली हसली. "परवा म्हणाले होते, परसों नाही!" माझा आवाज चढला. साहेब समजुतीनं म्हणाले, "एकीच बात है ना, मॅडम?" शब्दकोशही तेच सांगेल. त्या खोलीत मराठी जाणणारी माणसं दोनच होती, आणि त्यातलं एक टेबलाकडे बघत होतं.

तपासणी राहून गेली याचा मला राग नाही. "विसरलो" एवढं म्हणाले असते तर अर्धा दोष मी हसत अंगावर घेतला असता. पण एका भाषेतला अर्थ दुसरीत जाताना बिघडू नये म्हणून ज्यानं उभं आयुष्य डोळे शिणवले, त्यानं एक शब्द जाणूनबुजून बिघडवून पलीकडे नेला, आणि तोही आमच्या दोघांतला. तो विश्वासघातच होता, दुसरं नाव मला सापडत नाही. मला त्या कामावरून काढून दुसऱ्या मजल्यावर बसवलं. ते एकदाही तिथं आले नाहीत, आणि ते असेपर्यंत मीही खाली गेले नाही.

आता ते नोकरीत नाहीत. त्यांच्या टेबलावर ऊन येतं, ते कुणाच्याच कामाचं नसतं. नव्यानं आलेल्या मुली कधी विचारतात, श्रीधर सर इथं कधी होते हो? मी इतकी इथली झाले आहे की नकळत म्हणून जाते, "परसों." मग जीभ चावते. कारण परवा रोज एका दिवसानं मागे सरतो आणि कधीतरी दिसेनासा होतो. परसों मात्र तिथंच बसून राहतो, उन्हात, पेन्सिल कागदावर टेकवून, मान किंचित कलती करून.