मधली खुर्ची

जोडे बाहेर

जोडे काढायला सांगितले तेव्हाच नागोराव दारात थबकले. साऊंडच्या दुकानात जोडे कशाला काढायचे? तीस वर्षं त्यांनी आपल्या लाउडस्पीकरच्या धंद्यासाठी यवतमाळातून माल नेला होता. हॉर्न, युनिट, वायरची बंडलं. दरवेळी दुकानदार काउंटरवरच जोरात वाजवून दाखवायचा आणि ते मान हलवून पोत्यात भरून न्यायचे. आर्णी रोडवरच्या या नव्या दुकानात पायाखाली जाड गालिचा होता, भिंतींना काळ्या फोमचे तुकडे ठोकले होते, आणि मागच्या खोलीचं दार लागलं तेव्हा रस्त्यावरचे ट्रक, ऑटो, समोरच्या रसवंतीची घुंगरं, सगळं एकदम तुटलं.

बाकीचे नवलानं एकमेकांकडे पाहायला लागले. नागोराव पाहत नव्हते. अशी शांतता दोन वर्षांपासून त्यांच्या डोक्यात थोडी थोडी भरत होती.

आधी गेले ते रातकिडे. नागोराव बाभुळगावचे, घराला लागून कपाशी. एका वर्षी किडे गप्प झाले आणि त्यांचं ठाम मत झालं की फवारणीनं संपले. पानठेल्यावर ते तसं सांगत आणि ऐकणारे माना डोलवत, कारण फवारणीबद्दल काहीही वाईट सांगितलं तरी या भागात पटतंच. मग एका संध्याकाळी ममता, त्यांची पोरगी, फोन कानाला लावून अंगणातून घरात आली आणि वैतागून म्हणाली, "बाबा, किडे किती वरडून राह्यले आज, बोलूच देत नाही." नागोराव "हो न" म्हणाले. मग हातातली चहाची बशी त्यांनी खाली ठेवली, कारण ती कपावर वाजायला लागली असावी. तेही त्यांना नुसतं दिसलं.

किड्यांमागून कुकरची शिट्टी गेली. मग फोनची घंटी. मग माणसांच्या बोलण्यातून स, श, च, त गळायला लागले. माणूस बोलायचा, पण बोलण्याला कडा नसायच्या.

धंदा चालला तो डोळ्यांवर. आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर लाल-हिरवे दिवे असतात, तबलजीचे हात दिसतात, गाणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा दिसतात. शिवाय आमच्याकडच्या साऊंडवाल्यांची जुनी रीतच आहे: एक जण मिक्सरवर बसतो आणि दुसरा मैदानाच्या पार टोकाला उभा राहून हातानं सांगतो. पंजा वर, वाढव. पंजा खाली, कमी कर. हात कमरेवर, ठीक आहे. दोन वर्षांपासून त्या टोकाला ममता उभी असायची. तिचा हात पूर्वीच्या माणसापेक्षा जास्त वेळा का हलतो, हे कोणी विचारलं नाही. बापानं पोरीला काही सांगितलं नाही. पोरीनंही बापाला विचारलं नाही.

आणि आता गावच्या बुद्धविहाराचं नवं सभागृह उभं राहिलं होतं. त्याचा साऊंड कोणता घ्यायचा यावर समितीची सभा झाली आणि एका वाक्यात संपली: नागोरावांचा कान म्हणेल तो. पुढं तो सांभाळायचाही त्यांनीच. चौदा एप्रिलला एकवीस दिवस राहिले होते. ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याच्या हातात जयंतीचा माईक कोण ठेवणार, हा विचार नागोराव एसटीत बसल्यापासून दाबून ठेवत होते. तो घामासारखा पुन्हा पुन्हा वर येत होता.


खुर्ची

खोलीत नवं मशीन ऐकायला बोलावलेले दहाएक जण होते. तीन डॉक्टर, एक वकील, कापसाचं जिनिंग चालवणारे दोघं भाऊ, आणि बाभुळगावहून आलेले हे तिघं: नागोराव, ममता आणि विहार समितीचा सचिव संघदीप. संघदीप जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यानं घरून वही आणली होती, नागोराव काय म्हणतात ते लिहून घ्यायला.

समोर दोन स्पीकर, माणसाच्या उंचीचे, देवघराच्या फळीसारखे चकचकीत. मधे जमिनीवर ॲम्प्लिफायर आणि त्यावर उघडे काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. आणि रांगेच्या पुढं, गालिच्याच्या ऐन मध्यावर, एकच खुर्ची.

दुकानाचा मालक नयन बोलायला लागला. चाळिशीचा, हसरा, भराभर बोलणारा. नागोरावांपर्यंत त्याचं बोलणं आलं ते असं:

…गळे आवा… या… खुर्…ीवर…ुळ…ा…

त्याच्या ओठांकडे बघून त्यांनी ते पुरं केलं. सगळे आवाज याच खुर्चीवर जुळतात. आणि नयनचा हात त्यांच्याच दिशेनं आला.

नागोराव म्हणाले, पोरीला बसवा, तिचा कान कोवळा आहे. नयन हसला. ताई मागं बसतील, ही खुर्ची कानवाल्याची, असं म्हणून त्यानं त्यांना दंडाला धरून नेलं. रांगेत ममता त्यांच्या उजव्या हाताला बसणार होती. तिचं बोट त्यांच्या मनगटावर असणार होतं. तसं त्यांनी ठरवलं नव्हतं, पण एसटीतून उतरताना ती म्हणाली होती, मी तुमच्याजवळच बसतो, आणि त्यात सगळं आलं होतं. आता ती पाठीमागं, आठ पावलांवर.

मग नयन खोलीच्या मधोमध उभा राहून सावकाश म्हणाला, आणि हे नागोरावांना नीट कळलं:

"आता मी लाइट बंद करतो. डोळे पाहून राह्यले असले, का कान आळशी होते."

एसीची घरघरही नको म्हणून तो बाहेरच्या पॅनेलवर जाऊन एसी बंद करणार होता. जाता जाता त्यानं गाणं लावलं, दिवे घालवले आणि ते जाड दार ओढून घेतलं.


अंधार: नागोरावांनी ऐकला तो

काही नाही.

काही नाही.

व्हॉल्व्हमध्ये तांबूस तारा पेटलेल्या. नागोरावांनी तिथं डोळे लावले. पण त्या गाण्याबरोबर कमी-जास्त होत नव्हत्या. नुसत्या पेटलेल्या होत्या.

गाणं सुरू झालं असेल का? झालं असेल तर हातानं ठेका धरायला हवा. झालं नसेल आणि ठेका धरला तर? त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले आणि वंदनेला बसतात तशी पाठ ताठ केली. मानेमागं आठ माणसं होती आणि त्यातलं कोण काय करतंय ते दिसत नव्हतं.

मग आला. डाव्या तबल्याचा घुमारा, पायांतून. त्यामागं बाईचा आवाज, धान्याच्या पोत्याआडून यावा तसा. त्यांनी तो घुमारा घट्ट पकडला. एक, दोन, तीन, चार. तो थांबेल तेव्हा गाणं संपेल, तेवढं कळलं तरी पुरे. सम आली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा त्यांची मान आपोआप हलली.

मागं कोणाची तरी खुर्ची सरकली. ते त्यांना गालिच्यातून जाणवलं. रंगले दिसतात लोक, असं त्यांना वाटलं. निभेल, हेही निभेल.

पुढच्या समेवर ते म्हणाले, "वा."


तोच अंधार: बाकीच्यांनी ऐकला तो

हे नागोरावांना संध्याकाळी कळलं, ममतानं बसस्टँडवर त्यांच्या समोर उभं राहून सगळं सांगितलं तेव्हा.

गाणं सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. उजव्या स्पीकरमधून एक बारीक शिट्टी निघाली. आधी केसासारखी, मग सुईसारखी, मग सुई कानात घालून फिरवावी तशी. बाईचा आवाज त्याखाली चिरडून गेला. दातांचे एक डॉक्टर होते, ते पुटपुटले की माझ्याच दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. जिनिंगवाला धाकटा भाऊ खुर्ची मागं सरकवून भिंतीला टेकला.

पण कोणी उठलं नाही. कोणी ओरडलं नाही. महागाचं यंत्र, आपल्याला काय समजतं, असं प्रत्येकाला वाटलं. आणि समोर व्हॉल्व्हच्या तांबूस उजेडात मधल्या खुर्चीतली आकृती दिसत होती. ताठ पाठ. संथ हलणारी मान. मग त्या आकृतीनं "वा" म्हटलं, आणि उठायला निघालेला संघदीप परत बसला. त्यानं बोटं कानात घातली.

ममतानं हात वर केला होता. सवयीनं. पंजा खाली, कमी करा, कमी करा. अंधारात. तोंडानं बोलली असती तर सगळ्यांना कळलं असतं. म्हणून ती बोलली नाही. तिनं तो हात आपल्या कानावर ठेवला.


उजेड

दिवे लागले तेव्हा नागोराव हसत मागं वळले.

रांगेतल्या सगळ्यांचे हात कानांवर होते.

डॉक्टरांचे. वकिलाचे. संघदीपचे. ममताचेही. एका ओळीत वाकलेली कोपरं, मिटलेले डोळे, वाकडी झालेली तोंडं. नागोरावांचे हात तेवढे गुडघ्यांवर होते. त्यांना क्षणभर वाटलं, आपण झोपेत आहोत.

असंच त्यांनी पाहिलं होतं. मागच्या जयंतीला. मैदानात पुढं ताडपत्रीवर लहान लहान पोट्टे बसले होते, आणि ओळच्या ओळ कानांवर हात ठेवून. ममता तेव्हा मैदानाच्या त्या टोकाला, गर्दीपलीकडं. पोट्टे खेळत आहेत असं समजून नागोराव मिक्सरमागून हसले होते, त्यांनी स्वतःही कानांवर हात ठेवून त्यांना वाकुल्या दाखवल्या होत्या. एक लहान पोरगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये रडत होती. तिची आई तिला उचलून मागं घेऊन गेली. कोणी येऊन काही म्हटलं नव्हतं.

नयन धावत आला आणि त्यानं मशीन बंद केली. व्हॉल्व्ह गेला, पहिल्यांदाच असं झालं, माफ करा, असं तो प्रत्येकाला सांगत फिरला. मग नागोरावांच्या समोर येऊन त्यानं हातच जोडले. एवढ्या शिट्टीत हलला नाहीत, गाणं वेगळं काढून ऐकत बसलात, याला साधना म्हणतात, असं काहीसं तो म्हणत होता. डॉक्टर हसले. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले.

संघदीप जवळ आला. तोही हसत होता, एका बोटानं कान चोळत.

"काका, आम्ही त तुमच्याकडे पाहूनच गप्प बसलो. म्हटलं, नागोरावकाका बसून हायेत, म्हणजे बरोबरच असन."

हे वाक्य त्यांना पुरतं कळलं. एकही अक्षर गळालं नाही.

हसून सोडता आलं असतं. सगळे हसतच होते. ममता भिंतीजवळ उभी होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती, म्हणजे तीही त्यांना वाट मोकळी करून देत होती. नागोरावांनी हसायला तोंड उघडलं. त्या पांढऱ्या फ्रॉकमधल्या पोरीचं वय किती असेल, सहा? तेव्हा किती वेळ वाजली असेल शिट्टी? एक गाणं? की सगळा कार्यक्रम, आणि मैदानभर लोक आपल्याकडे पाहून गप्प?

संघदीपच्या ओठांकडे बघत ते म्हणाले, "कोणती सिटी?"

संघदीप हसतच राहिला, आणि मग हसायचा थांबला.

"मले नाही आली ऐकू," नागोराव म्हणाले. "दोन वर्सं झाले. वरचं काहीच येत नाही."

त्यावर कोण काय बोललं ते त्यांना कळलं नाही, कारण ते गालिच्याकडे पाहत होते. मग त्यांनी मान वर केली, ती मोठ्या कष्टानं. संघदीप वही उघडून उभा होता. पेन कागदावर टेकलेलं, पण लिहीत नव्हता. तो दोन पावलं पुढं आला, वाकला, आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणून शाळेतल्या पोरांशी बोलावं तसं एक एक शब्द सुटा करून बोलला.

"मंग चौदा तारखेले मिक्सरवर कोण बसन?"

नागोराव उठले. खुर्ची रिकामी झाली. त्यांनी ममताकडे बोट केलं.

"अन् तुम्ही?"

"मी पुढं. पोट्ट्यायजवळ. त्यायच्या हाताकडे पाहत बसीन."

समितीपुढं संघदीपला काय सांगायचं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं रांगेतल्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून खाली ठेवली आणि ती जागा नागोरावांना दिली.

नयननं दुसरा ॲम्प्लिफायर जोडला. ममता मधल्या खुर्चीत बसली, काठावर, वर्गात नाव पुकारल्यासारखी. नयनचा हात बटणाकडे गेला.

"लाइट राहू द्या," नागोराव म्हणाले.

ममतानं डोळे मिटले. गाणं कधी सुरू झालं ते त्यांना कळलं नाही. छातीत धडधडत होतं, तेच तेवढं ऐकू येत होतं. खुर्चीच्या हातावरचा तिचा उजवा पंजा त्यांनी नजरेत धरून ठेवला होता. बराच वेळ तो हलला नाही. मग बोटं उचलली गेली, आणि पंजा हळूच खाली गेला.

"उजवीकडचं थोडं कमी करा," नागोराव म्हणाले.

नयननं संघदीपकडे पाहिलं. संघदीप ममताच्या हाताकडे पाहत होता.

"करा," तो म्हणाला.