खलनायकावर उधळलेले कागद

माझी बायको मंगतायारू म्हणते, "तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून बघता." बघतो. जन्म आंध्रातल्या तणुकूत वायरमनचं काम करण्यात गेला. कोण मीटरच्या मागून कुठली तार ओढतो हे रोज बघितलं की माणूस दुसरं काय होणार?

एका माणसावर मात्र मी कधी संशय घेतला नव्हता. राघवुलू, आम्हा सगळ्यांचा अन्नय्या, म्हणजे थोरला भाऊ. कालव्याच्या पुलाजवळ त्याचं गोळी सोड्याचं दुकान आहे. आमच्या पिडुगु स्टार, म्हणजे विजेचा लोळ, जयचंद्राबाबूच्या चाहता संघाचा तो अध्यक्ष, मी चिटणीस. बाबूचे तीन सिनेमे लागोपाठ आपटले, तेव्हा गावात तोंड दाखवायला जागा नव्हती. अन्नय्या तेवढा ताठ मानेनं सोडा फोडत बसायचा. "सूर्याला ग्रहण लागतं रे, काजव्याला कधी लागलंय का?" असं म्हणायचा. त्याच्या त्या एका वाक्यावर आम्ही दिवस काढले.

मग 'मेघकवचम्'ची बातमी आली. बाबू अंगात कवच घालून आकाशात उडणार, समुद्र उपसणार, विमानं हातानं अडवणार. संक्रांतीला येणार म्हणाले, आला नाही. उन्हाळ्यात म्हणाले, मग दसऱ्याला. दर वेळी एकच कारण: ग्राफिक्सचं काम बाकी आहे. अशी तीन वर्षं गेली. कवचाचा रंगसुद्धा त्यांनी लपवून ठेवला होता. पोस्टरवर नुसती काळी सावली. दुर्गाप्रसाद, आमचा उपाध्यक्ष, सोनेरी म्हणायचा. माझा संशय असा, की अजून त्यांचंच ठरलेलं नाही. अन्नय्या म्हणायचा, "निळाच असणार. आकाशातून येतो ना तो? मग!"

दर वेळी तारीख पुढे गेली की आम्ही शिव्या घालून मोकळे व्हायचो. अन्नय्या मात्र दोन-दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मला वाटायचं.

शेवटी एकदाची तारीख पक्की झाली आणि ट्रेलर आला. दुर्गाप्रसादच्या फोनवर आम्ही सगळे डोकी एकमेकांवर आपटत तुटून पडलो. अन्नय्या बाटल्या विसळत राहिला. "मी थेट थिएटरात बघणार," म्हणाला. ज्या माणसानं तीन वर्षं जीव टांगणीला लावून काढली, तो ट्रेलर बघत नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मोटरसायकलींची मिरवणूक निघाली. सगळ्यांत पुढची गाडी अध्यक्षाची, हा मान. अन्नय्या म्हणाला, "गाडी मेकॅनिककडे आहे, मी दुर्गाप्रसादच्या मागे बसतो." मी मुद्दाम त्याच्या घरामागे जाऊन आलो. गाडी तिथेच उभी होती, वर कोंबडी बसली होती.

आणि एक दिवस मी त्याला नूकराजूच्या औषधांच्या दुकानातून बाहेर पडताना बघितलं. नूकराजू म्हणजे दुसऱ्या हिरोच्या संघाचा अध्यक्ष. आमच्या बॅनरला शेण फासणारे ते, त्यांच्या पोस्टरला मिशा काढणारे आम्ही. बाजारात आमच्या माणसांची औषधांची दोन दुकानं आहेत. ती सोडून अन्नय्या वैऱ्याच्या पायरीवर? नूकराजूनं इकडेतिकडे बघून त्याच्या हातात एक लहानसं पुडकं ठेवलं. अन्नय्यानं ते खिशात टाकलं आणि भिंतीच्या कडेकडेनं निघून गेला.

घरी येऊन मी मंगतायारूला सांगितलं. ती तव्यावरचा मुगाचा पेसरट्टू उलटत म्हणाली, "औषधाच्या दुकानातून माणूस काय घेतो? औषध."

"तुला नाही कळायचं. कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुमच्या डोक्यात मुरतंय," ती म्हणाली आणि आल्याची चटणी पुढे सरकवली.

सिनेमा लागला त्या गुरुवारी सकाळी श्रीलक्ष्मी टॉकीजसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. कालव्यापलीकडच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. बाबूचा कटआउट थिएटरपेक्षा उंच. पहिला दुधाचा हंडा अध्यक्षानं ओतायचा. अन्नय्या शिडीवर चढला, हंडा उचलला आणि सगळं दूध बाबूच्या छातीवर न पडता शेजारच्या बांबूवर पडलं. लोक ओरडले. अन्नय्या हसला, "वारा आहे रे." वारा नव्हता. झेंडा काठीला चिकटून लोंबत होता, मी बघितलं ना!

पण खरं काय ते आत घडलं.

आमच्याकडे बाबू पडद्यावर पहिल्यांदा दिसला की कागद उधळतात. जुने पेपर फाडून प्रत्येक जण पिशवी भरून आणतो. पहिली मूठ अध्यक्षाची. तो उधळतो आणि मग सगळं थिएटर उधळतं. त्याच्याआधी एक चिटोरा उडाला तरी अपशकुन.

सिनेमा सुरू झाला. समुद्र खवळला, ढोल वाजायला लागले, शंख फुंकला गेला, खुर्च्या हादरल्या. धुरातून एक पाय पुढे आला. अन्नय्या उठला आणि "जय बाबू!" म्हणून त्यानं मूठ उधळली. मागोमाग पुढच्या रांगा उठल्या, बाल्कनी उठली, कागदांनी पडदा दिसेना. कागद खाली बसले तेव्हा पडद्यावर खलनायक उभा होता.

हिरोसाठी फाडलेले सगळे कागद आम्ही त्या राक्षसावर ओवाळून टाकले होते. थोड्या वेळानं बाबू ढग फोडून आला, तेव्हा कुणाच्या पिशवीत चिटोरा नव्हता. पोरं खाली वाकून जमिनीवरचे कागद गोळा करत होती आणि बाबू वर एकटाच उडत होता.

दुपारपर्यंत तो प्रकार सगळ्या जिल्ह्याच्या फोनवर होता. 'पिडुगुवाल्यांनी नवा देव केला', असं लिहून नूकराजूच्या पोरांनी सगळीकडे पाठवला. आणि नेमका सिनेमा चालला! हाउसफुल्लचा बोर्ड दारावरून उतरेना. कमाईच्या आकड्यांची पोस्टरं भिंतीवर लागली. त्या आकड्यांवर माझा विश्वास नाही, पण तिकिटासाठी माझी स्वतःची चप्पल तुटली, तेवढं खरं. तीन वर्षांनी, तीनदा आपटल्यानंतर आम्हाला हा दिवस दिसला होता आणि आम्हीच गावात मान खाली घालून फिरत होतो.

दुर्गाप्रसादनं संघाला गोळा केलं. "अध्यक्ष विकला गेलाय," तो म्हणाला. "सत्तिबाबू, तू नूकराजूच्या दुकानात त्याला पुडकं घेताना बघितलंस की नाही?"

मी बघितलं होतं. तसं सांगितलं.

ठरलं. रविवारच्या सकाळच्या खेळात मध्यंतराला सगळ्यांसमोर अन्नय्याच्या गळ्यातला संघाचा पंचा काढून घ्यायचा. तो पंचा त्याच्या गळ्यात बाबूच्या पहिल्या सिनेमापासून होता. लग्नातसुद्धा त्यानं तो काढला नव्हता, त्याची बायको अजून त्यावरून बोलते.

अन्नय्यानं ऐकलं आणि फक्त म्हणाला, "ढोल वाजले रे. मला वाटलं, बाबू आला." एवढं लंगडं उत्तर कुणी देतं का? मला चीड आली. ती चीड घेऊन मी शनिवारी नूकराजूच्या दुकानात शिरलो.

"काय दिलंस त्याला?"

नूकराजू डोकेदुखीच्या गोळ्या मोजत होता. वर न बघता म्हणाला, "कुणाला?"

"आमच्या अध्यक्षाला. त्या पुडक्यात काय होतं? किती घेऊन फितूर झाला तो?"

त्यानं गोळ्या बाजूला ठेवल्या. माझ्याकडे असा बघत राहिला, की मलाच खाली बघावं लागलं.

"त्यानं मला माझ्या हिरोची शपथ घातलीय. मी तोंड उघडणार नाही." मग तो उठला, फ्रिज उघडला आणि एक लहानशी बाटली काउंटरवर ठेवली. "मी काही सांगितलेलं नाही. तुझं तू बघ."

बाटलीवरचं नाव मला वाचावं लागलं नाही. माझ्या आईला हेच थेंब होते. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस पुरते एवढंच बघायचं. शेवटी शेवटी आई मला पायांच्या आवाजावरून ओळखायची आणि मला वाटायचं, ती मला बघतेय.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुमच्या सिनेमाची पहिली तारीख आली होती ना, संक्रांतीची? तेव्हा त्याला चांगलं दिसत होतं." नूकराजूनं बाटली परत फ्रिजमध्ये ठेवली. "आता उजेडात थोडं, समोरचं. अंधारात काही नाही."

"मग तुझी पोरं तो व्हिडिओ सगळीकडे कशाला पाठवतायत?"

"त्यांना ठाऊक नाही. सांगितलं असतं तर शपथ मोडली असती." तो खेकसला, "तुमच्या हिरोला मी मरेपर्यंत शिव्या घालीन, सत्तिबाबू. पण भांडण हिरोवरून आहे, डोळ्यांवरून नाही. जा आता, गिऱ्हाईक आहे."

आमच्या माणसाच्या दुकानातून अन्नय्यानं हे थेंब घेतले असते, तर संध्याकाळपर्यंत गावात दवंडी पिटली असती. लोक दुकानात येऊन हळहळले असते, हाताला धरून रस्ता ओलांडून दिला असता. गुपित राखायचं तर शत्रूच बरा, हे त्यानं ओळखलं. आणि मी, त्याच्या शेजारी रोज सोडा पिणारा, गाडीवरची कोंबडी बघून आलो होतो. मला माझीच लाज वाटली.

रविवारी मी अन्नय्याच्या शेजारची खुर्ची धरली. मंगतायारूला आदल्या दिवशी घरातली सगळी रद्दी फाडायला बसवलं होतं. दोन पोती कागद झाले, ते मी आमच्या रांगांमध्ये आधीच वाटून टाकले. अन्नय्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला होता. आज तो मूठच उघडणार नव्हता, चुकायच्या भीतीनं. दुर्गाप्रसाद मागच्या रांगेत होता.

समुद्र खवळला. ढोल, शंख, धूर. खलनायकाचा पाय पुढे आला. सगळं थिएटर श्वास रोखून अन्नय्याकडे बघत होतं. मी उठलो, खुर्चीवर चढलो आणि दोन्ही हातांनी कागद उधळले.

"ये रे ये! आमच्या बाबूच्या हातून मरायला ये!"

मग बाल्कनीतून कुणीतरी खो खो हसलं, "ये रे बकऱ्या, ये!" आणि कागदांचा पाऊस पडला.

दुर्गाप्रसादनं मागून माझी कॉलर धरली. "हे काय चाललंय?"

"पोलेरम्मा देवीच्या जत्रेत बकरा कापायच्या आधी त्याला हार घालतोस की नाही? हळद लावतोस की नाही?" मी आजूबाजूला ऐकू जाईल असा ओरडलो. "अन्नय्यानं गुरुवारी तेच केलं! अक्कल नसलेल्यांना ते कळलं नाही!"

दुर्गाप्रसादचा हात सैल पडला. अकलेचा प्रश्न आला की तो नेहमीच गप्प होतो. तेवढ्यात मागची पोरं "बकरा! बकरा!" म्हणून ताल धरायला लागली आणि त्याला बसावंच लागलं.

बाबू यायच्या आधी पडद्यावर सगळं शांत होतं. ढोल नाही, काही नाही, नुसता वारा. म्हणून तर गुरुवारी अन्नय्याला पत्ता लागला नव्हता. ढग फुटायला लागला तसं मी त्याचं मनगट धरलं आणि वर उचललं. त्यानं पहिली मूठ बरोबर उधळली. मग मात्र थिएटर दणाणलं.

मध्यंतराला पंच्याची गोष्ट कुणी काढली नाही. पोरं अन्नय्याच्या पाया पडत होती. त्याच संध्याकाळी शेजारच्या भीमावरमच्या थिएटरातही खलनायकाला 'बकरा' म्हणत कागद उधळले म्हणे.

मध्यंतर संपलं, दिवे पुन्हा गेले. बऱ्याच वेळानं अन्नय्या माझ्या कानाशी आला. "नूकराजूनं सांगितलं?"

"नाही. त्यानं शपथ पाळली. बाटली बघितली मी."

पडद्यावर पूल कोसळत होता. मग त्यानं विचारलं, "कवचाचा रंग कुठला रे?"

"निळा, अन्नय्या," मी म्हणालो. "तू म्हणाला होतास तसाच."

"खोटारड्या." तो हसला. "जुन्या तांब्याच्या घागरीसारखा आहे, तीही न घासलेल्या. थेंब आणायला गेलो तेव्हा नूकराजूनं सांगितलं. गुपचूप बघून आला होता मेला, तोंडाला रुमाल बांधून. शत्रू आहे, पण रंग खरा सांगतो." त्यानं माझा हात धरला. "आता तू सांग. खरं सांग. बाबू उडताना पोट दिसतं का?"

"दिसतं."

"फार?"

"पट्टा आवळलाय, तरी दिसतं."

तो एवढ्यानं हसला, की पुढच्या रांगेनं मागे वळून बघितलं.

"आणि ते ग्राफिक्स? कसं केलंय?"

मी पडद्याकडे बघितलं. आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती. "वाईट आहे, अन्नय्या. समुद्र साबणाच्या फेसासारखा दिसतो. विमानं पोरांच्या खेळण्यातली वाटतात."

त्याच्या हाताची पकड ढिली झाली. "यासाठी तीन वर्षं थांबवलं होय त्यांनी मला?"

पडद्यावर बाबूनं मुखवटा काढला, चेहरा दिसला, आणि सगळं थिएटर उभं राहिलं. अन्नय्याही उठला, सगळ्यांच्या जरा मागून, आवाजाच्या दिशेनं तोंड करून. त्यानं दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.