रिकामा परत गेलेला डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे, मित्रांनो. घाटकोपरच्या बाजारात जानकीकाकूंनी मला हौसेने घेतलं आणि झाकणावर लेकीचं नाव घालून घेतलं: रत्नप्रभा.

शाळेत रत्ना आणि तिची मैत्रीण कमल डबे बदलून खायच्या. माझ्यातले घावणे कमलच्या पोटात, कमलची भाकरी नि ठेचा रत्नाच्या. जिने खाल्लं तिनेच डबा धुवायचा, हा नेम. घरी मात्र दोघींनी पत्ता लागू दिला नव्हता.

एक्याऐंशी सालच्या एका दुपारी, मधल्या सुट्टीत जेवण उरकून कमल मला नळावर धूत होती. शाळेच्या फाटकाबाहेर दोन टोळ्यांची जुंपली, गोळ्या सुटल्या, आणि एक गोळी पटांगणात उभ्या असलेल्या रत्नाला लागली. ती तिथेच गेली. नळ टाकीच्या आड होता, म्हणून कमल वाचली.

मला लगेच परत द्यायला हवं होतं. पण रिकामं भांडं कुणाकडे परत धाडू नये, ही आपली रीत. आणि त्या घरी भरून न्यायचं तरी काय? आज नेऊ, उद्या नेऊ करता करता कमलच्या घरचे मुलुंडला राहायला गेले. मी फळीवर मागे ढकलला गेलो. मला फार वाईट वाटे, पण मला बोलता येत नव्हतं.

सात वर्षांनी कमलचं लग्न ठरलं. भांडी काढताना मी तिच्या हाती लागलो. ती मला उराशी धरून रडली आणि तशीच, माझ्यात काही न घालता, घाटकोपरला निघाली.

जानकीकाकूंनी दार उघडलं. केस पार पिकले होते. त्यांनी झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि लेकीबद्दल एकच विचारलं, "माझा चेडू त्या दिवशी उपाशी गेला काय गो? डबो घरी इलोच नाय."

"नाही काकू. माझी भाकरी खाल्ली तिने, पोटभर. तुमचे घावणे मी खाल्ले."

काकूंनी मला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "ह्या सांगूक तुका इतकी वर्सा लागली? जेवूक बसल्यार पयलो घास माझ्या हातातच रवता."

कमलने मान खाली घातली. रिकामा डबा कसा आणायचा म्हणून राहिलं, एवढंच ती कशीबशी बोलली. काकू उठल्या, तवा चढवला, आणि कमल निघताना तिच्या हातात मला दिलं, ते गरम घावण्यांनी भरून.

मित्रांनो, कुणाचं भांडं तुमच्याकडे राहिलं असेल, तर आजच देऊन या. भरायला काही सुचलं नाही, तर रिकामं द्या. सात वर्षं एक आई पहिला घास हातात धरून थांबायची, आणि मी फळीवर स्वच्छ धुतलेला पडून होतो.