गांधीलमाश्यांच्या दारातली सोयरीक

पाहुणे मुलगी बघायला येणार, आणि घराच्या चौकटीवर बशीएवढं गांधीलमाश्यांचं पोळं! रंगुबाईनं कपाळाला हात लावला. "चैतातच म्हणलं हुतं, एकटी हाय तवर काढा. पर माझं ऐकतंय कोण या घरात?"

चैतात ऊसतोडीहून पाथर्डीकडच्या आपल्या गावी परतल्यावर ती पहिली माशी दिसली होती रंगुबाईच्या लेकीला, भागिरथीला. एकटीच दाराचं जुनं लाकूड कुरतडायची, चघळायची आणि कागदासारखी घरं बांधायची. पावसाळ्यात तिच्या लेकींनी पोळं वाढवलं. आता दसरा झाला, तर नुसती जत्रा भरलेली! "थंडी पडली की आपसूक जात्यात," म्हणत बाप रंगनाथ निवांत. भागिरथी मात्र रोज वाकून, सावकाश ये-जा करायची. तिला एकही माशी कधी डसली नव्हती.

घराला मागलं दार होतं. पण मुलगी बघायला आलेल्यांना कुणी मागल्या दारानं घेतं होय? भावकीनं तोंडात शेण घातलं असतं.

भागिरथीची धाकधूक वेगळीच. लग्न झालं की नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, अख्खा हंगाम फडात त्याच्याच जोडीनं. तो तापट निघाला तर? आईनं शब्द दिला होता, "तू न्हाई म्हणलीस तर न्हाई."

"आले, आले!" भागिरथी दाराआडून बघू लागली. पुढं मुलाचा मामा सूर्यभान, मागं मुलगा पुंजाराम. मामाला पोळं दिसलं मात्र, "अयाया!" करत त्यानं उपरणं फडकवलं. झालं! सगळं पोळं खवळलं.

पुंजारामनं मामाचा हात धरला. "मामा, हलू नगा!"

एक माशी त्याच्याच कानावर बसली आणि डसली. भागिरथीचा जीव टांगणीला. आता मार हात, चिरड तिला, मग बघ बाकीच्या कशा तुटून पडतात! पण गड्यानं हात उचलला नाही. डोळ्यांत टचकन पाणी आलं, तरी मामाला वाकवून, हळूहळू, पोळ्याखालून आत आणलंच.

कान टम्म फुगला. आता रीत अशी, की पाहुण्यांनी विचारायचं आणि मुलीनं मान खाली घालून सांगायचं. पण भागिरथी पोह्यांच्या ताटल्या विसरली आणि बापाची चुन्याची डबी घेऊनच बाहेर आली. "लई दुखतंय का?"

रंगुबाईनं पदर तोंडाला लावला.

"लई!" पुंजाराम म्हणाला आणि हसायलाच लागला.

"आगं पोरी, आमाला नाव तरी इचारू दे!" मामा ओरडला.

"नाव भागिरथी," ती म्हणाली, "आन् मला पसंत हाय."

तुळशीचं लग्न उरकलं आणि पाठोपाठ यांचंही. नवा कोयता फडाकडं निघताना माहेरच्या दारात निरोपाला थांबला, तेव्हा चौकटीवरचं पोळं रिकामं होतं. तरी पुंजाराम वाकूनच बाहेर पडला.