तीन मिलिमीटर

वेतुरियाने चष्मा पदरासारख्या लोंबणाऱ्या शालीला पुसला, नाकावर चढवला आणि कागद खिडकीपाशी नेला. गुप्त पोलिसांच्या जुन्या दप्तरातून सुटलेली तिची स्वतःची फाइल. समोर स्मरांदा चुळबुळत बसली होती. बुखारेस्टमध्ये वेतुरियाच्या साठ वर्षांच्या कामाचं प्रदर्शन ही मुलगी मांडत होती.

“बाई, पंच्याऐंशी साली पोलिसांनी ट्रकमध्ये घालून नेलेली तुमची अकरा चित्रं. त्यातल्या सातांचं वर्णन आहे यात, रंगांसकट. आपण रिकाम्या फ्रेमा टांगू, शेजारी खबऱ्याचं टिपण.”

“खबऱ्या कोण?”

“टोपणनाव आहे, ‘चिनार’. खरं नाव हवं तर अर्ज करावा लागतो. आणलाय मी. नुसती सही करा.”

वेतुरिया वाचत होती. दुधाच्या रांगेतल्या बायका, हातात रिकाम्या बाटल्या. ‘डावीकडच्या बाईच्या कोटाला एकच बटण, जर्द पिवळं. नजर फिरून फिरून तिथेच जाते.’ मेल्याने नीट बघितलं होतं! त्या काळच्या एकाही समीक्षकाला ते बटण दिसलं नव्हतं. तिला संताप यायला हवा होता. आला भलताच आनंद, आणि त्याची तिला लाज वाटली.

मग माप दिसलं. ऐंशी पॉइंट तीन बाय साठ पॉइंट तीन सेंटिमीटर. पुढच्या चित्रालाही तीन मिलिमीटर जास्त, त्याच्या पुढच्यालाही. ती स्वतः कापड ताणायची ते ऐंशी बाय साठ, चोख. ओलाव्याने लाकूड फुगतं म्हणून वरचे तीन मिलिमीटर फ्रेमवाला सोडतो, आपल्या वहीत तसंच माप टिपतो. चिनाराने वहीतले आकडे जसेच्या तसे उतरवले होते.

आणि उभ्या जन्मात तिचा फ्रेमवाला एकच. तिबेरिऊ. तिच्या लग्नात साक्षीदार म्हणून मेणबत्ती धरून मागे उभा राहिलेला, दर गुरुवारी येऊन तिच्या हातचे आलुबुखार भरलेले गोड गोळे चापणारा.

“बाई, पाणी देऊ?”

“नको. अर्ज ठेवून जा.”

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या कारखान्यात गेली. तो फ्रेमची लाकडी पट्टी कापत होता.

“ये. त्या खुर्चीवर नको, सरस सांडलाय,” तिबेरिऊ म्हणाला. “आणि उद्घाटनाआधी मरू नकोस हं. फुलं फार महाग झालीत.”

“ती पोरगी अकरा फ्रेमा मागतेय. नेलेल्या चित्रांच्या.”

“बरं. मापं दे.”

“मापं तुझ्याकडे आहेत. तीन-तीन मिलिमीटर वाढवून.”

करवत अर्ध्या कापात थांबली. त्याने मान वर केली नाही.

“माझ्या पोरीला, दोइनाला कॉलेजातून काढणार होते,” तो पट्टीकडे बघत म्हणाला.

“मी माझ्या मैत्रिणीला, लिवियाला खबऱ्या समजले. वीस वर्षं तिच्याशी बोलले नाही. ती गेली तेव्हा मातीलाही गेले नाही. तू गेलास. तिथलं सगळं येऊन मला सांगितलंस.”

त्याने करवत खाली ठेवली. “नाव उघड करायच्या अर्जावर सही केलीस?” त्याने विचारलं.

“अजून नाही.”

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. पण डोळ्यांत मोतीबिंदू, वय अठ्ठ्याहत्तर, आणि नेलेल्या चित्रांपैकी टिपण नसलेली चार तिला अजिबात आठवत नव्हती. ती पुन्हा काढावीत म्हणून महिनाभर ती कोऱ्या कापडांपुढे बसून उठत होती. ती चित्रं पूर्ण बघितलेला दुसरा माणूस जगात उरला नव्हता.

तिने पिशवीतून वही काढून त्याच्या पुढ्यातल्या भुशावर ठेवली.

“सात लिहिलीस. चार राहिलीत. मला पुन्हा काढायचीत. लिही, चांगलं लिहितोस तू.”

तिबेरिऊने हात पँटला पुसले. “घरी नेऊन लिहू?”

“नाही, इथेच,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढली. “या वेळी मी समोर बसते.”